तंत्रप्रशिक्षणातील अभ्यासक्रमरचना

तंत्रप्रशिक्षणातील अभ्यासक्रमरचना : प्रत्यक्ष हातांनी व हत्यारांनी करावयाच्या कामाचे शिक्षण देताना काय, किती, कोणत्या क्रमाने व कोणत्या साधनांनी शिकवावयाचे आणि ते प्रशिक्षणार्थ्यास आले की नाही हे कशा रीतीने तपासावयाचे, यांची पूर्वनियोजित आखणी. सर्वसाधारण शिक्षणात अभ्यासक्रमाचा आरंभ विषयापासून होतो. तंत्रप्रशिक्षणात तो कामापासून करावा लागतो. जोडाऱ्याने शेगड्यात धरलेला लोखंडी ठोकळा कानशीने सपाट करणे, संधात्याने सांधा भरणे किंवा विणकराने धोटा फेकणे या क्रियांत ज्ञान असते. पण ते बव्हंशी हाताच्या दाबात, डोळ्याच्या अंदाजात आणि आवाज ओळखणाऱ्या कानात साठलेले असते. कुशल कारागिरास आपण नेमके काय करतो ते शब्दांत सांगता येतेच असे नाही. हे अव्यक्त ज्ञान शिकवता येईल अशा पायऱ्यांत मांडणे हे अभ्यासक्रमरचनेचे मुख्य कार्य होय. त्यासाठी अनेक पद्धती प्रचारात आल्या असून कोणत्या कामासाठी कोणती निवडावी, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे.

ऐतिहासिक आढावा : कारखानदारी येण्यापूर्वी बहुतेक सर्व देशांत हस्तव्यवसायाचे शिक्षण उमेदवारीच्या रूपाने दिले जात असे. मुलगा वडिलांजवळ किंवा उस्तादाजवळ राहून आधी पडेल ते काम करी, मग हलकी कामे आणि शेवटी नाजूक कामे शिके. या रीतीत लिखित अभ्यासक्रम नसे. समोर येणारे कामच क्रम ठरवी. ती संथ होती, परंतु शिकणारा प्रारंभापासून खऱ्या मालावर, खऱ्या गिऱ्हाइकासाठी काम करी.

एकाच वेळी अनेकांना शिकविण्याची गरज निर्माण झाल्यावर ही रीत अपुरी पडली. मॉस्को येथील इंपीरियल टेक्निकल स्कूलचे संचालक व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी १८६८ च्या सुमारास प्रत्येक व्यवसायाचे मूलभूत क्रियांत पृथक्करण करून सोप्याकडून अवघडाकडे जाणारी सरावमालिका तयार केली. कापणे, कानस मारणे, भोक पाडणे, जोडणे अशा क्रिया स्वतंत्रपणे शिकवावयाच्या; उपयोगी वस्तू बनविणे हा या मालिकेचा हेतू नव्हता. १८७६ मधील फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही पद्धती मांडली गेली आणि अमेरिकेतील तांत्रिक शिक्षणावर तिचा मोठा प्रभाव पडला. त्याच काळात स्वीडनमधील नेस येथे ओटो सॉलोमन यांनी ‘स्लॉइड’ ही निराळी रीत रूढ केली. तीत क्रिया सुट्या न शिकविता घरात उपयोगी पडणाऱ्या, क्रमाने कठीण होत जाणाऱ्या वस्तू विद्यार्थ्यांकडून करवून घेत. सुट्या क्रिया की पूर्ण वस्तू, हा तेव्हा सुरू झालेला वाद आजही प्रत्येक अभ्यासक्रम-समितीत निराळ्या शब्दांत चालू असतो.

विसाव्या शतकात युद्धकालीन गरजांनी या शास्त्रास गती दिली. चार्ल्स ॲलन यांनी पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन व परीक्षण अशी चार पायऱ्यांची पाठरचना पुरस्कारिली (१९१९). दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन कारखान्यांतून राबविलेल्या कार्यनिदेशन कार्यक्रमाचा ती पाया ठरली. १९६० नंतर कॅनडात कुशल कामगारांच्या छोट्या मंडळाकडून व्यवसायातील सर्व कामांचा तक्ता तयार करून घेण्याची ‘डेकम’ पद्धती विकसित झाली, तर १९७० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने रोजगारक्षम कौशल्यांच्या स्वतंत्र घटकसंचांची कल्पना मांडली.

भारतातील व महाराष्ट्रातील वाटचाल : मुंबईतील व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (१८८७) आणि त्रिभुवनदास गज्जर यांच्या प्रेरणेने सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाखाली बडोद्यात स्थापन झालेले कलाभवन (१८९०) ही पश्चिम भारतातील आरंभीची महत्त्वाची केंद्रे होत. कलाभवनात देशी भाषांतून तंत्रशिक्षण देण्यावर भर होता. महात्मा गांधींच्या प्रेरणेने १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे केंद्र मानणारी योजना आखली. तीत व्यवसाय हा स्वतंत्र विषय नसून गणित, भाषा व समाजशास्त्र हे विषयही सूतकताई, शेती अशा उद्योगाच्या अनुषंगाने शिकवावेत, असे सुचविले होते.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू होऊन औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय परिषदेने देशभर समान अभ्यासक्रम व समान परीक्षा यांची व्यवस्था लावली. शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे दायित्व आले. त्यामुळे संस्थेतील पायाभूत प्रशिक्षण व कारखान्यातील उमेदवारी असे दोन टप्पे प्रस्थापित झाले. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाल्यावर ‘किती तास शिकविले’ यापेक्षा ‘प्रशिक्षणार्थी काय करू शकतो’ या कसोटीवर अभ्यासक्रम लिहिले जाऊ लागले. याच वर्षी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सत्रपद्धती आली व २०१८ मध्ये पुन्हा वार्षिक पद्धती स्वीकारण्यात आली. २०२२ च्या फेररचनेत पहिल्या वर्षाचे १,२०० तास धरून त्यांपैकी ८४० तास, म्हणजे ७० टक्के, प्रात्यक्षिकास देण्यात आले.

या चौकटीबाहेरील एक उल्लेखनीय प्रयोग म्हणजे पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेला विज्ञान आश्रम. तेथे अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य अशा अनेक क्षेत्रांची कौशल्ये गावाला हव्या असलेल्या सेवा प्रत्यक्ष देता देता शिकविली जातात. माध्यमिक शाळांसाठी तयार झालेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या विषयाचे मूळ या प्रयोगात आहे.

रचनेच्या प्रमुख पद्धती : व्यवहारात पाच पद्धती आढळतात. (१) उमेदवारी पद्धती : काम हाच क्रम, उस्तादाचे अनुकरण हे साधन. (२) क्रियाविश्लेषण पद्धती : व्यवसायाचे मूलक्रियांत विभाजन करून क्रमबद्ध सराव; औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जोडारी, कातारी यांसारख्या व्यवसायांचे पहिले वर्ष बव्हंशी या धर्तीवर बेतलेले असते. (३) वस्तू किंवा प्रकल्प पद्धती : एखादी पूर्ण, उपयोगी वस्तू वा सेवा घडविताना लागतील ती कौशल्ये शिकविणे. (४) कार्यविश्लेषण पद्धती : कामावरील कुशल कारागिरांकडून कामांची यादी मिळवून प्रत्येक कामाच्या पायऱ्या, हत्यारे, धोके व गुणवत्तेच्या कसोट्या नोंदविणे आणि त्यांवरून पाठ आखणे. (५) घटकसंच पद्धती : एकेका रोजगारक्षम कौशल्याचा स्वयंपूर्ण संच करणे, प्रशिक्षणार्थ्याने गरजेप्रमाणे संच निवडावेत व ते कोणत्याही क्रमाने पूर्ण करावेत. क्षमताधिष्ठित रचना ही बहुधा यांच्या जोडीची सहावी पद्धती समजली जाते. परंतु वस्तुतः ती मूल्यमापनाची भूमिका असून वरीलपैकी कोणत्याही पद्धतीस लावता येते.

निवडीचे निकष : पद्धती निवडताना पुढील गोष्टी पाहाव्या लागतात. चूक झाल्यास होणारी हानी हा पहिला निकष होय. ठोकळा बिघडला तर दुसरा घेता येतो. तेथे चुकांतून शिकणे हितावह ठरते. विद्युत् दाब, उंची, वितळलेला धातू किंवा स्फोटक द्रव्य यांच्या बाबतीत पहिली चूकच अखेरची ठरू शकते. दुसरा निकष कामाच्या स्थैर्याचा. ज्या कामाची रीत दीर्घकाळ बदलत नाही, त्याचे सविस्तर क्रियाविश्लेषण उपयोगी पडते. रीत वारंवार बदलत असल्यास लहान, सहज बदलता येणारे घटकसंच सोयीचे होतात. तिसरा निकष कौशल्य कोठे वसते हा. ते पुस्तकात व यंत्रनिर्मात्याच्या सूचनांत नोंदलेले असेल, तर तज्ज्ञांना अभ्यासक्रम लिहिता येतो. ते केवळ कारागिरांच्या हातात असेल, तर कारागिरांना समितीत घेतल्यावाचून गत्यंतर नसते. चौथा निकष प्रशिक्षणार्थ्याच्या पूर्वज्ञानाचा आणि पाचवा उपलब्ध यंत्रे व निदेशक यांचा.

पाचव्या निकषाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. उदा., वीस प्रशिक्षणार्थ्यांच्या तुकडीस चार लेथ असतील व लेथकामासाठी ६० तास राखून ठेवलेले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास प्रत्यक्ष यंत्र केवळ १२ तास येते. उरलेले ४८ तास तो पाहत उभा राहतो. अभ्यासक्रमात लिहिलेले तास आणि हाताला मिळालेले तास यांत असा फरक पडतो. याच तुकडीचे चार-चार जणांचे पाच गट करून लेथ, कानसकाम, मापन, भोककाम व रेखन अशी पाच स्थाने फिरती ठेवल्यास लेथचे तास १२ च राहतात, पण उरलेले ४८ तास वाया जात नाहीत. मात्र त्यासाठी पाचही स्थानांवरील पाठ परस्परांवर अवलंबून नसावे लागतात. म्हणजेच तेवढ्या भागापुरती क्रमबद्ध रचना सोडून घटकसंच पद्धती पत्करावी लागते. जेथे एक पाठ दुसऱ्यावर उभा आहे, तेथे अशी फिरती योजना केल्यास मापन न शिकलेला मुलगा थेट लेथवर उभा राहतो.

भंडारा जिल्ह्यातील उदाहरणे : १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर सात तालुक्यांच्या उरलेल्या भंडारा जिल्ह्यात भिन्न प्रकृतीची तांत्रिक कामे जवळजवळ नांदताना दिसतात. त्यामुळे पद्धतींची तुलना करण्यास हा जिल्हा विशेष सोयीचा आहे. भाताचे तळेसिंचित क्षेत्र व भातगिरण्या, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनिजच्या खाणी, जवाहरनगर येथील १९६४ मध्ये स्थापन झालेला आयुधनिर्माणी कारखाना आणि मोहाडी तालुक्यातील आंधळगाव येथील कोशाचे विणकाम ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. भंडारा शहर एके काळी पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होते.

आयुधनिर्माणीत रासायनिक संयंत्रांच्या परिचालकांना शिकाऊ उमेदवारीखाली प्रशिक्षण दिले जात आले आहे. स्फोटक द्रव्यांच्या अशा कामात प्रकल्प पद्धती किंवा अनुकरणाने शिकणे यांना वाव नसतो. येथे काटेकोर कार्यविश्लेषण करून प्रत्येक पायरीची कृती, तिचे कारण आणि ती चुकल्यास करावयाची कृती लिहून काढावी लागते. निष्क्रिय द्रव्यावर सराव पूर्ण झाल्याखेरीज प्रत्यक्ष द्रव्यास हात लावू देता येत नाही. आणि शंभरापैकी चाळीस गुणांवर उत्तीर्ण ही कल्पनाच अप्रस्तुत ठरते. येथील कारखान्यात २४ जानेवारी २०२५ रोजी झालेल्या स्फोटात कामगारांचे प्राण गेले. एखाद्या दुर्घटनेचे कारण केवळ प्रशिक्षणात शोधणे योग्य नव्हे. तथापि अशा कामाचा अभ्यासक्रम म्हणजे कागदी उपचार नसून तो कामगाराच्या जीविताशी निगडित असतो, याची जाणीव जिल्ह्यास या घटनेने करून दिली.

खाणकामाची स्थिती काहीशी अशीच आहे. चिखला येथे भूमिगत व डोंगरी बुजुर्ग येथे उघड्या खाणीतून उत्खनन होते. खनिज एकच असले, तरी छताचा आधार, वायुवीजन व प्रकाश यांचे प्रश्न भूमिगत खाणीत निराळे असतात. म्हणून दोन्हींसाठी एकच पाठमाला चालत नाही. खाणीत काम देण्यापूर्वी प्रशिक्षण देणे १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी बंधनकारक केले, ते याच जाणिवेतून.

कोशाच्या विणकामात प्रश्न उलट स्वरूपाचा आहे. ऐन व अर्जुन या वृक्षांवर टसर रेशीमकिड्यांची जोपासना करण्याचे काम जिल्ह्यातील ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आला असून विणकाम मुख्यतः कोष्टी कुटुंबांत चालते. कापडाच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली करवतकाठी साडी ही विदर्भाची ओळख असून तिला भौगोलिक चिन्हांकन मिळाले आहे. मधल्या अंगासाठी एक व दोन काठांसाठी दोन असे तीन धोटे चालवून अंगाचे व काठाचे बाणे एकमेकांत गुंतविण्याची तिची रीत कोणत्याही सरकारी पाठ्यक्रमात जन्मलेली नाही. ती कारागिरांच्या हातात आहे आणि नवी पिढी मागाकडे न वळल्यास हातांबरोबर नाहीशी होणारी आहे. अशा कामात बाहेरच्या तज्ज्ञाने लिहिलेले क्रियाविश्लेषण अपुरे पडते. कारागिरांच्या मंडळाकडून कामांची यादी करून घेणे, जुन्या विणकराजवळ उमेदवारी ठेवणे आणि पूर्ण वस्तू विणून घेणे यांची सांगड घालावी लागते.

याच व्यवसायातील सूत काढण्याचे काम मात्र बदलत आहे. स्त्रिया मांडीवर धागा वळून कोशाचे सूत काढीत. त्यामुळे कातडीस इजा होते व काम संथ चालते. केंद्रीय रेशीम मंडळाने त्याऐवजी ‘बुनियाद’ नावाच्या सूतयंत्राचा प्रसार केला. यंत्रावरील कामासाठी जुन्या उमेदवारीऐवजी थोड्या दिवसांचा स्वतंत्र घटकसंच अधिक उपयुक्त ठरतो. शिकणारी स्त्री धाग्याचा पोत, ताण व तुटण्याचा क्षण आधीपासून ओळखत असते. तिला केवळ यंत्राची ओळख व देखभाल शिकवावयाची असते. तिच्याच शेजारी बसलेल्या, कोशास कधी हात न लावलेल्या मुलीस तोच संच पुरेसा होत नाही. एका गावात, एकाच व्यवसायात दोन पद्धती का लागतात, हे यावरून स्पष्ट होते.

रचनेची प्रक्रिया : पद्धती कोणतीही असो, कामांची यादी, त्यांतील महत्त्वाच्या कामांची निवड, पायऱ्यांची मांडणी, क्रमनिश्चिती, तासांची वाटणी व कसोट्या असे टप्पे सामान्यतः असतात. निवड करताना एखादे काम किती वारंवार करावे लागते, ते किती महत्त्वाचे आहे आणि शिकण्यास किती कठीण आहे, अशा तीन बाजूंनी प्रत्येक कामास श्रेणी देतात. केवळ वारंवारतेवर विसंबल्यास दिशाभूल होते. उदा., वीजतंत्र्यास दिवा बदलण्याचे काम रोज, तर भूसंपर्काची तपासणी क्वचित करावी लागते. तथापि पहिल्यास अर्धा तास व दुसऱ्यास पुरेसे दिवस देणे हेच योग्य.

पायऱ्यांच्या मांडणीचे उदाहरण म्हणून कोसे उकळण्याचे काम घेता येईल. त्यात कोसे आकार व रंगाप्रमाणे निवडणे, खाराच्या पाण्यात उकळणे, मऊपणा तपासणे व धाग्याचे टोक काढणे या पायऱ्या येतात. यांपैकी बहुतेक पाहून शिकता येतात. खरी मेख मऊपणा तपासण्यात आहे. कोसा कमी शिजल्यास धागा पुनःपुन्हा तुटतो आणि अधिक शिजल्यास गुंता होऊन माल वाया जातो. ही पारख शब्दांनी येत नाही. म्हणून येथे कमी शिजलेला, योग्य शिजलेला व अधिक शिजलेला असे तीन नमुने प्रशिक्षणार्थ्याच्या हातात देऊन, डोळे मिटूनही ते ओळखता येईपर्यंत सराव घ्यावा लागतो. विश्लेषणाचा उपयोग अशी मेख नेमकी हुडकून तिला वेळ देण्यात आहे. सर्व पायऱ्यांना सारखे तास वाटल्यास तो निष्फळ होतो.

मूल्यमापन : हस्तकौशल्याची परीक्षा वस्तू व कृती या दोन्हींवर आधारलेली असावी लागते. वस्तूची मापे गुण्या व व्हर्निअर कॅलिपर यांनी तपासता येतात. परंतु योग्य मापाचा ठोकळा धोकादायक रीतीनेही तयार झालेला असू शकतो. म्हणून हत्यार धरण्याची रीत, सुरक्षिततेची काळजी, मालाची नासधूस व लागलेला वेळ यांची निरीक्षणसूची वापरतात. काही बाबी अपरिहार्य ठरवून त्यांत चूक झाल्यास इतर गुण कितीही असले तरी अनुत्तीर्ण मानणे, ही रीत धोक्याच्या व्यवसायांत आवश्यक समजली जाते.

मर्यादा : समान राष्ट्रीय अभ्यासक्रमामुळे भंडाऱ्यात शिकलेल्या जोडाऱ्याचे प्रमाणपत्र पुणे, नागपूर वा अन्य राज्यांतही ग्राह्य ठरते, हा त्याचा मोठा लाभ होय. जिल्ह्यातील अनेक तरुणांना रोजगारासाठी बाहेर जावे लागत असल्याने हा लाभ गौण मानता येत नाही. उलटपक्षी, समान अभ्यासक्रमात भातगिरणीची दुरुस्ती, करवतकाठीचे विणकाम किंवा खाणीतील पंपांची देखभाल यांसारख्या स्थानिक कामांना जागा मिळणे कठीण जाते आणि गावात राहू इच्छिणाऱ्याच्या हाती गावात न लागणारे कौशल्य पडते. समान पायाभूत भागावर स्थानिक घटकसंचांची जोड देणे, हा यावरील व्यवहार्य मार्ग असून कारखान्यात वा कार्यस्थळी घ्यावयाच्या अनिवार्य प्रशिक्षणाचे तास त्यासाठी वापरता येतात. अशी जोड ठरविताना निदेशक, स्थानिक उद्योजक व कारागीर यांना एकत्र बसवावे लागते. तसेच प्रशिक्षण संपवून गेलेले उमेदवार प्रत्यक्षात कोणते काम करीत आहेत व शिकलेल्यापैकी काय वापरीत आहेत, याची ठराविक काळाने नोंद घेऊन त्या नोंदीवरून कामांची यादी पुन्हा तपासावी लागते.